भागीरथेच्या जेवणाची नोंद

हिवरखेड,
२० जुलै २०२५

चि. प्रियदर्शनीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. फोनवर आवाज चढला असता, म्हणून लिहीत आहे. तुमच्या अमरावतीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचं परवा तू कौतुकानं सांगितलंस. जन्माआधीच त्यांचं एक जनुक बंद केलेलं, त्यामुळे लाळ सुटत नाही. सुकं गिळवत नाही म्हणून त्यांना भिजवलेलं खाणं, रोज वजन. ऐकून मी ताटावरून उठलो.

तुझ्या वहिनीच्या गालाच्या गाठीवर गेल्या साली अकोल्यात तीस वेळा किरणांचा शेक दिला. गाठ गेली, ते उपकार मानतो. पण त्याच शेकानं लाळेच्या ग्रंथी जळतात, हे कोणी सांगितलं नाही. तिनं विचारलं तर पाणी पीत जा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. उंदराला भिजवलेलं खाणं आणि माझ्या बायकोला पुढच्याची हाक!

नऊ वर्षं वर्षावासाचे तीन पावसाळी महिने विहारातला ग्रंथ तीच वाचते. यंदा दुसऱ्याच पानावर जीभ टाळूला चिकटली आणि ती ग्रंथ मिटून उठली. बाया म्हणाल्या, रुसली. मीही घरी येऊन तिला बोललो. ती रुसली नव्हती, तोंड कोरडं पडलं होतं, हे तुझ्या उंदरांमुळे कळलं.

सकाळी जीवहत्या न करण्याचं पहिलं शील म्हणताना ते उंदीर आठवतात. शेवटी तुम्ही त्यांना मारताच ना? त्यांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान अमरावतीहून अकोल्यापर्यंत येत नसेल, तर ते मेले कशासाठी?

पत्र रागाचं आहे, माया तीच आहे.
तुझा,
देवमनदादा


अमरावती,
२८ जुलै २०२५

ती. दादांस,
सविनय जयभीम.

तुमचा राग खरा आहे. डॉक्टरांनी सांगायला हवं होतं, मीही विचारायला हवं होतं. शील मोडतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच एकाही उंदराची नोंद चुकवत नाही. खाणं टाकून निघून जाता येत नाही आमच्याकडे. किती खाल्लं, किती उरलं, पाहून सही करावी लागते.

पण दादा, लहान तोंडी मोठा घास घेते. काल वहिनीशी बोलले. दिवाळीपासून ती भाकर पाण्यात कालवून खाते, नऊ किलो उतरली. दादाले कसं नाही दिसलं, असं विचारलं तर हसली. म्हणाली, थे जेवून उठले का मंग मी बसतो, त्यायले कसं दिसन वं बाई.

डॉक्टर चुकले. पण नऊ महिने पाहू शकणारं माणूस घरातच होतं. आमच्या उंदरांपुढेही रोज कोणी तरी बसतं.

आमच्या खाण्याच्या नोंदीचा कोरा तक्ता पाठवते. उंदराच्या नंबराच्या जागी वहिनीचं नाव लिहा आणि भरून डॉक्टरांकडे न्या. लाळ सुटायची औषधं आहेत. सगळ्यांना लागू पडत नाहीत, पण विचारल्याशिवाय मिळतही नाहीत.

रागावलात तरी लहान बहिणीला अंतर देऊ नका.
आपली,
प्रियदर्शनी


हिवरखेड,
३१ ऑगस्ट २०२५

चि. प्रियदर्शनीस,
सप्रेम जयभीम.

वि. वि. तुझं पत्र फाडणार होतो. दोन दिवस तुझं नावही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी भागीरथेला म्हटलं, सोबतच जेवू. ती ऐकेना. मीही जेवेना. वरण थंड झालं तेव्हा मला येडं लागलं म्हणत पाठमोरी बसली. एका घासाला चार घोट पाणी. अर्धी भाकर संपायला पाऊण तास. हे मी एकदाही पाहिलं नव्हतं, बाई.

तीन आठवडे तक्ता भरला आणि अकोल्यास गेलो. डॉक्टर पुन्हा म्हणाले, सवय होईल. पुढच्याला हाक मारली, पण मी उठलो नाही. म्हटलं, साहेब, माझी बहीण उंदीर सांभाळते, तिथं एवढं लिहितात. आमचं तुम्ही वाचा तरी. त्यांनी वाचलं. सगळं वाचलं. मग गोळी लिहिली, तोंडात फवारायचं औषध दिलं. थोडा ओलावा येतो, थोडाच. विहारात आता अर्धं पान वाचते, घोट घेते, पुन्हा वाचते. बाया थांबतात.

पहिलं शील म्हणताना तुझे उंदीर आठवतातच. आता हात जोडूनच आठवतात.

येत जा, लोभ आहेच.
तुझा,
देवमनदादा

ता. क. तक्त्यात शेऱ्याचा रकाना मी कोराच सोडत होतो. काल पाहिलं तर त्यात तुझ्या वहिनीचं अक्षर. लिहिलं आहे, आज ह्यायनं दोन घास कमी खाल्ले, लक्ष ठेवा लागते.