ग्राट्सला जाण्यापूर्वी

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून मी विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात शिकाऊ टेक्निशियन. याच विभागात पूर्वी तीन वर्षं विद्यार्थी होतो. चौथ्या वर्षी विभागाने आणि मी एकमेकांचा नाद सोडला. वर्कशॉप तळघरात आहे. खिडकी एकच, तिला गज, आणि ती रस्त्याच्या पातळीला. बाहेर फक्त लोकांचे बूट दिसतात. वर्कशॉपप्रमुख उस्ताद रादिसाव यांनी नाव विचारलं. त्रिफुन, म्हटलं. शिक्षण विचारलं. तेही सांगितलं. तर म्हणाले, या या प्रोफेसर, आणि हातात झाडू दिला. माझी वृत्ती तपासत असणार.

प्लॅन असा: तीन महिने या तळघरात काढायचे, नि मग ऑस्ट्रियात, ग्राट्सला. तिथल्या लॅबला आपल्या विभागातला एक टेक्निशियन हवा आहे. निवड करायला तिकडून एडर बाई ऑक्टोबरात येणार. शिकाऊ दोघंच, मी आणि यागोदा. यागोदा गुणी मुलगी आहे, पण तिला महत्त्वाकांक्षा नाही. म्हणजे झालंच. अजून कुणाला बोललेलो नाही. फक्त आई, यागोदा, बेकरीवाला आणि डेंटिस्ट.

३ सप्टेंबर, सकाळी सहा
रोज दहा जर्मन शब्द. बेकरीतला तेलकट, चीज भरलेला बुरेक बंद. वर्कशॉपच्या दाराची मूठ सैल आहे, ती आजच बसवून टाकायची. उस्तादांवर छाप पडेल.

३ सप्टेंबर, दुपारी
बुरेक खाल्ला. शेवटचा. मूठ उद्या. तिला बारीक स्क्रूड्रायव्हर लागतो, तो यागोदाकडे आहे, आणि मागायला गेलो तर तिचा उगाच गैरसमज व्हायचा.

११ सप्टेंबर
मानेत उसण भरली. कारण सापडलं. माझं टेबल फ्यूम हूडच्या शेजारी आहे. ते काचेचं कपाट केमिकलच्या वाफा ओढून छतातल्या नळीने बाहेर टाकतं. ओढताना खोलीतली सगळी हवा माझ्या मानेवरून नेतं. दिवसभर! आईला सांगितलं तर ती मटकन खुर्चीत बसली. तिच्या मामेभावाचं तोंड असंच वाकडं झालं होतं, बसमध्ये समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या म्हणून. तिने मला लोकरीचा पट्टा दिला आणि वर एक जुनं ब्लँकेट.

उस्तादांकडे तक्रार केली. म्हणाले, प्रोफेसर, हवा आहे ती, लांडगा नाही. पण स्वतः मात्र कॉफीचा कप उचलून कोपऱ्यात सरकले. पाहिलं मी.

२३ सप्टेंबर
व्हॅक्यूम पंप व्हॅक्यूम धरत नव्हता. उस्ताद चार दिवस साबणाचं पाणी लावून गळती शोधत होते. मी आज नुसता कान लावला, बोट फिरवलं, आणि मागच्या बाजूचा जोड दाखवला. मीच तो पुन्हा झाळला. दाबाचा काटा खाली गेला तो गेलाच. उस्ताद माझ्या हातांकडे कितीतरी वेळ बघत राहिले आणि सिगारेट ओढायला निघून गेले. जळतात.

चार वाजता वर आलो तर उजेडाने डोळे दिपले. खाली उस्ताद, घरी आई, मध्ये एकच बस. याच बसने मी शाळेत जायचो. कधीकधी गुदमरायला होतं. पण आता थोडेच दिवस.

जर्मन: सात शब्द झाले. त्यातले तीन चीजचे प्रकार आहेत, पण तिकडे लागतीलच.

४ ऑक्टोबर
जर्मन तात्पुरतं स्थगित. आईने पोतंभर लाल मिरच्या आणल्यात. अंगणात चुलीवर भाजायच्या, सोलायच्या, आटवायच्या. वर्षभराची आयवार चटणी एकटी कशी करणार ती? यागोदाही जर्मन शिकते म्हणे. आज मला विचारत होती, खिडकी त्यांच्यात बाई की बुवा? मी म्हटलं, प्रसंगावर अवलंबून आहे. छंद म्हणून ठीक आहे तिला.

९ ऑक्टोबर
एडर बाई पुढच्या बुधवारी. माणूस निरोगी असला तरच निवड होते, म्हणून एक मूलभूत निर्णय घेतला. शिडीवर चढून हूडच्या नळीत आईचं ब्लँकेट कोंबलं आणि वरून टेप मारला. मानेला लगेच आराम. बाई यायच्या आत काढून टाकायचं. मूठही तेव्हाच.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी
शांतपणे लिहितो. दोष कुणाचाच नाही.

एडर बाई सकाळी दहाला आल्या. आपली भाषा मोडकीतोडकी का होईना, बोलतात. उस्तादांनी घरच्या राकियाची, फळांच्या दारूची, बाटली काढली. बाई नको म्हणाल्या, मग घेतली. मी पितळी जोड अमोनियात धुऊन दाखवायला घेतले. हूड चालू केलं, मोटर छान गुणगुणत होती. पाच मिनिटांत सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. वाफा वर जाण्याऐवजी आमच्याकडेच येत होत्या. ब्लँकेट! काढायचं राहून गेलं. एका माणसाने किती गोष्टी लक्षात ठेवायच्या?

बाई म्हणाल्या, खिडकी आणि दार उघडा. उस्ताद म्हणाले, दोन्ही? एकदम? यागोदा खोकत खोकत म्हणाली, आधी खिडकी उघडू, मग ती लावून घेऊ आणि दार उघडू. उस्ताद कॉलर वर करत म्हणाले, अगं, पाहुणीला घाम आलाय, आरपार वारा लागून काही झालं म्हणजे? मी माझा लोकरीचा पट्टा बाईंपुढे धरला. आम्ही तिघं रडत-खोकत ही चर्चा करत होतो, तेवढ्यात बाई उठल्या आणि त्यांनी दोन्ही उघडलं. वारा असा घुसला की दार धाडकन बंद झालं आणि मूठ पलीकडे गळून पडली. (मूठ माझ्या डोक्यात होतीच. सप्टेंबरपासून.)

चांगला तासभर अडकलो. शेवटी यागोदाने बिजागऱ्या सोडवल्या. मी टॉर्च धरून मार्गदर्शन केलं. बाईंनी विचारलं, नळीत ब्लँकेट कशाला? मी खरं ते सांगितलं. मान. तर बाई हसता हसता खाली बसल्या. म्हणाल्या, माझी सासू तुमच्याच इथली, लेस्कोवाचची आहे, आमच्या गाडीची काच लग्नापासून खाली आलेली नाही.

एकूण छाप चांगली पडली असं वाटतं.

१७ ऑक्टोबर
माझी निवड झाली! यागोदाने दाराबाहेरून ऐकलं. बाईंचा विचार तिला न्यायचा होता. उस्तादांनी अडवलं. म्हणाले, मुलगी कुठेही उभी राहील. त्या गाढवाला न्या. डोकं नाही त्याला, पण हात आहेत, असे हात या तळघरात मी पाहिले नाहीत. इथे राहिला तर कुजेल.

डोकं नाही म्हणजे काय? याचा जाब विचारणार आहे. योग्य वेळ बघून.

२८ ऑक्टोबर
ग्राट्सहून मेल. २ डिसेंबरला हजर व्हा. आई आनंदाने रडली. मग डोळे पुसत म्हणाली, आणि आपल्या स्लावाला मेणबत्ती कोण लावणार? मुद्दा बरोबर आहे. १९ डिसेंबर, संत निकोलाचा सण. घराण्याचा संत, त्याला काय पुढच्या महिन्यात या म्हणायचं? बाईंना नम्रपणे लिहिलं की स्लावा झाला की लगेच निघतो. पाठवणार तोच लक्षात आलं, लगेच नवं वर्ष. मग सात जानेवारीला, जुन्या कॅलेंडरप्रमाणे, आपला ख्रिसमस. चौदाला आपलं जुनं नवं वर्ष. तेवढ्यासाठी जाऊन-येऊन करण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी लिहिलं. ऑस्ट्रियन लोकांना नियोजन आवडतं.

५ नोव्हेंबर
उत्तर नाही. वरच्या पातळीवर विचार चालू असणार. बॅग भरली. परत उपसली. शर्ट हवा होता.

उस्ताद रोज विचारतात, कधी निघतोयस? एवढी घाई झालीय त्यांना.

१२ नोव्हेंबर
उत्तर आलं. बाई लिहितात, काम डिसेंबरात सुरू होतंय, थांबता येणार नाही. शुक्रवारपर्यंत नुसतं हो कळवा, एवढा एकच शब्द पुरे.

तो शब्द मला येतो. पहिल्याच दिवशी शिकलो होतो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवसभर फोन हातात होता. दुपारी बोट बटणावर ठेवलं. छाती अशी धडधडायला लागली की फोन खाली ठेवावा लागला. कॉफी फार होते. खिडकीतून बूट जात होते, सगळे कुठे ना कुठे निघालेले. पाच वाजता ठरवलं, घरी जाऊन निवांत लिहू. घरी आईने भरली कोबीची पानं केली होती. जेवून डोळा लागला.

१८ नोव्हेंबर
यागोदा जाणार. तिचं खूप अभिनंदन केलं. मीच मार्ग मोकळा करून दिला असंही म्हणता येईल, आणि तसं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, अरे मूर्खा, मी शुक्रवारी रात्रीपर्यंत बाईंना सांगत होते, तो हो म्हणेल, थांबा जरा. आणि रडायला लागली. तिचं माझ्यावर प्रेम असावं. किंवा अमोनियाचा परिणाम.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
यागोदा सकाळच्या बसने गेली. निरोप द्यायला जाणार होतो, पण स्टँडवर फार वारा असतो.

विभागाने मला कायम केलं. आई शेजाऱ्यांना बोलावून कॉफी पाजतेय. उस्तादांनी अभिनंदन केलं नाही. दोन आठवडे झाले, ते मला प्रोफेसरही म्हणत नाहीत, नुसतं त्रिफुन. मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

दुपारी त्यांनी हातोडा घेतला आणि स्वतःच्या कोटाशेजारी, भिंतीत, माझ्या कोटासाठी एक लांब खिळा ठोकायला लागले. मी म्हटलं, उस्ताद, कशाला उगाच? मी इथे तात्पुरता आहे. फेब्रुवारीत पुन्हा अर्ज करतोय. ते थांबले. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि आणखी दोन ठोके मारले.