मुसळीची जागा

अमरावती
१८ नोव्हेंबर

प्रिय सत्यभामाकाकू,

हे पत्र सीमावहिनीच तुम्हाला वाचून दाखवणार. तिला आठवा लागला असेल. वहिनी, मध्येच थांबावंसं वाटलं तरी शेवटपर्यंत वाच.

मी बरी आहे. गवताळ रानाचा अहवाल संपला, साहेब खूश आहेत. एम.एस्सी. होऊन तुमच्या गावी आले तेव्हा मला गुरं चरायची ते सगळं रान म्हणजे एकच गवत वाटायचं. तुम्ही म्हणालात, "शिकून आली अन् ढोराइतकंबी ओयखत नाही." राग आला, पण खोटं कुठं होतं? मग तुम्ही तिखाडी चुरगाळून माझ्या नाकाशी धरलीत, तिचं तेल दुखऱ्या गुडघ्यांना लावतात ते सांगितलंत. मारवेल खाल्लं की म्हैस दुधाला कशी वाढते, ते गावाची गुरं राखणाऱ्या पुंजाजीमामांनी शिकवलं. माझ्या सलवारीत घुसलेली कुसळं एकेक उपटून देत ते म्हणाले होते, "हे गवत आता तू जल्मात इसरत नाही."

रानातल्या पांढऱ्या मुसळीची जागा तुम्हा दोघांनाच ठाऊक. श्रावणात तुम्ही ती मलाही दाखवलीत. पानं वाळून बी गळल्याशिवाय खणायचं नाही, निम्मे कंद जमिनीतच ठेवायचे, ही तुमच्या सासूबाईंची शिस्त. यंदाची मुसळी वहिनीच्या बाळंतपणात दुधातून द्यायला राखली होती. "जागा कोनाले सांगू नोको, पोरी," एवढंच तुम्ही मागितलं होतं.

पंधरा दिवसांनी कुठली तरी माणसं टेम्पो घेऊन आली आणि हिरवीगार मुसळी मुळासकट उपटून घेऊन गेली. तुम्ही फोनवर रडत होता. "पुंजाजीनंच दाखवली. तुले त काय गरज? मंग अजून कोन हाय?" मी नुसतं 'हूं' म्हटलं. त्या 'हूं'ची मला आजही लाज वाटते.

यंदा भाऊबीजेला तुम्ही मामांना ओवाळलं नाहीत, तीस वर्षांत पहिल्यांदा. गावानं आपली गुरंही दुसऱ्याकडे राखायला दिली. वहिनीनं हे सांगितलं त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

काकू, जागा मी सांगितली. तुम्ही ती दाखवलीत त्याच संध्याकाळी मुसळीच्या फुलाचा फोटो मोबाइलच्या ॲपवर टाकला. इतकी मोठी दाटी आपल्या भागात कुणी नोंदवली नव्हती, ती माझ्या नावावर लागावी म्हणून. फोटोबरोबर जागेची खूणही जाते. ती लपवता येते, हे मला माहीत होतं. पण मग शाबासकी कोण देणार? तुमचा फोन ठेवल्यावर मी पहिलं काम केलं ते तो फोटो पुसायचं.

रविवारी सकाळी येते आहे. घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्याआधी मामांना बोलावून पाटावर बसवा, आणि वहिनी, हे पत्र त्यांच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून वाच.

तुमचीच म्हणवून घ्यायचं तोंड नसलेली,
प्रणाली