पांढऱ्या कापडाचा तागा

जिंजू, १९३३

आईला ओक्समचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. टपालातली पत्रं उघडून वाचतात, म्हणून हे मीठवाल्या काकांच्या हाती देतेय. तुझे गुडघे कसे आहेत?

तू शिवलेला पांढरा झगा खराब झाला, रागावू नकोस. इथे जपान्यांनी पांढरं घालायला बंदी केलीय. गेल्या बाजारी शिपायांनी पांढऱ्या कपड्यांवर पिचकारीने शाई उडवली. मी एका शिपायाची पिचकारी धरून ठेवली, त्यात मनगट जरासं मुरगळलं. भात मात्र त्याच हाताने खाते!

सासूबाईंनी झगा राखेच्या पाण्यात उकळला, बडव बडव बडवला. डाग हटेना. या बाजाराला तोच घालून गेले. बघते तर काय, सगळ्या बायका डागांसकट पांढऱ्यात!

सुतकात आपण पांढरं घालतो, एवढं शिपायाला ठाऊक. ओरडला, "एवढ्या जणींचं मेलंय तरी कोण?"

सासूबाई म्हणाल्या, "देश गेला, बाबा. तेवीस वर्षं झाली, सुतक फिटत नाही."

त्यांना ठाण्यावर नेलंय. सोडतील. रोज गरम पेज देऊन येते, भांडं रिकामं परत येतं.

पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा पाठव. सुतक फिटलं की रंगीत मी स्वतःच मागेन.

तुझी हट्टी लेक,
ओक्सम