टॅरिफ उतरलं की दारचा आंबा साफ

३ एप्रिल २०२५, गुरुवार. सकाळी ६.४०

डेअरीच्या ऑफिसातून रिटायर होऊन तीन महिने झाले. आजपासून रोजनिशी. रिकामा माणूस वेगळा आणि प्लॅनिंग करणारा माणूस वेगळा. हा फरक घरात कोणाला दिसत नाही, निदान कागदावर तरी दिसावा.

प्रोजेक्ट नंबर एक: दारचा आंबा. आई लग्न होऊन बोरीत आली त्या वर्षी तिनेच कोय पुरली. दादांनी, म्हणजे वडिलांनी, दोन उन्हाळे विहिरीवरून कळशीने पाणी आणून घातलं. दादा जाऊन सहा वर्षं झाली. दर अक्षय तृतीयेला याच झाडाचा आंबा त्यांच्या नावाने पानावर वाढतो, तोवर घरात कोणी आंबा तोंडाला लावत नाही. आता झाडावर बांडगूळ चढलंय. दुसऱ्याच्या फांदीत मुळं घालून फुकट रस पितं. पाच फांद्या धरल्यात. आई म्हणते, औंदा काढलं न्हाई तर झाड हातचं जाईल.

काढणारच. पण सायंटिफिक पद्धतीने. आळेफाट्याला घेवरचंद शेठच्या दुकानात पोल सॉ बघून आलोय. लांब दांड्याच्या टोकाला मोटरची करवत. जमिनीवर उभं राहून फांदी कापायची. दांड्यावर अमेरिकेचा झेंडा. साडेअठरा हजार. सोमवारी आणतो.

त्याच दिवशी, ९.१५

मोबाईलवर बातमी. अमेरिकेने सगळ्या जगावर टॅरिफ लावलं. आपल्यावर सव्वीस टक्के. बरं झालं पैसे काढले नाहीत. धुरळा बसू दे.

७ एप्रिल, सोमवार

शेठकडे गेलो, चर्चेसाठी. शेठ म्हणाले, राव, हा माल चीनचा, झेंडा नुसता स्टिकर. आणि टॅरिफ लागतं तिकडे जाणाऱ्या मालाला, आळेफाट्याला येणाऱ्या नाही. शेठ माणूस सज्जन, पण तीन पिढ्या गल्ल्यावर बसून इंटरनॅशनल ट्रेड कळत नाही. त्यांचा मुलगा अरिहंत हसत होता. नव्या पिढीला गांभीर्य नाही.

'ग्लोबल मार्केट बोरी' असा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मेंबर तीन: मी, अरिहंत, वृषाली.

८ एप्रिल

वृषाली ग्रुपमधून बाहेर पडली. स्वतःची बायको.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

आढीत घातलेले आंबे पिकले. त्यातले दोन दादांच्या पानावर ठेवले. आई पानाकडे बघून म्हणाली, पुढच्या वर्षी व्हतंय का नाय कुणास ठाऊक. मी ठणकावून सांगितलं, पुढच्या वर्षी पाटीभर उतरवू. शब्द दिला. सयाजीचा शब्द आहे.

रस छान झाला होता. चार वाट्या घेतल्या.

१३ मे, मंगळवार

अमेरिका आणि चीन यांच्यात तह, नव्वद दिवसांचा. शेठना फोन केला. म्हणाले, मधे चीनचा माल तिकडे अडकला तेव्हा मुंबईला स्वस्तात उतरला, आता सोळा हजार. म्हणजे माझा अंदाज बरोबर! न घेता अडीच हजार वाचवले. आईला सांगितलं. आई म्हणाली, त्या अडीच हजाराला मोहोर येतो का. आईला इकॉनॉमिक्स नाही.

मी नव्वद दिवस थांबणार. अमेरिका थांबते, मी कोण?

२ जून

वृषाली अंगणवाडीतून येताना जानकूला घेऊन आली. हा जानकू आंबेगावच्या वरच्या अंगाचा, आहुप्याकडचा. उंच झाडांवर चढून हिरडा उतरवण्यात त्याची हयात गेली. कमरेला दोर आणि कोयता, पायात काही नाही. झाडाला दोन फेऱ्या मारून म्हणाला, आत्ता फांदी कापली तर बांडगुळाचं मूळ बी जाईल, सांजपर्यंत काम व्हतंय. मजुरी आठशे आणि जेवण.

मी हेल्मेट आहे का विचारलं. हार्नेस? इन्शुरन्स? तो वृषालीकडे बघायला लागला. चहा पाजून परत पाठवला. काही झालं असतं तर जबाबदारी कोणाची? मालक म्हणून मीच अडकलो असतो.

वृषालीने संध्याकाळी भाजी केली नाही. चटणी-भाकरी. मला चटणी आवडते.

१४ जुलै

बांडगूळ सात फांद्यांवर. मोजून घेतलं. डेटा ठेवणं महत्त्वाचं. पोल सॉ साडेचौदा.

घ्यायला हरकत नव्हती, पण जो भाव तीन महिन्यांत चार हजार उतरतो तो अजून उतरणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. शिवाय पाऊस आहे. ओल्या झाडाला यंत्र लावू नये. (हे कुठे वाचलं आठवत नाही, पण बरोबर आहे.)

१ ऑगस्ट, शुक्रवार

आपल्यावर पंचवीस टक्के. संतापलो. दिवसभर टीव्ही. दुपारी आई आत आली, म्हणाली, पूर्वेकडची मोठी फांदी वाळली, पानं गळाली. मी म्हटलं आई, इथे देशाचं काय चाललंय बघ. तिने बघितलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि बाहेर जाऊन झाडाखाली बसली.

७ ऑगस्ट

आता पन्नास टक्के म्हणे, सत्तावीस तारखेपासून! आता मात्र थांबण्यात अर्थ नाही. सत्तावीसच्या आत घेऊन टाकतो. फायनल. लिहून ठेवतोय म्हणजे फायनल.

२७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी गणपती बसवला आणि लगेच फाट्यावर गेलो. शेवटच्या दिवशी गेलो हे खरं, पण गेलो. दुकान बंद. शटरवर पाटी: संवत्सरीनिमित्त बंद. शेठ जैन, घरी सगळ्यांचे उपास. आता यात माझी काय चूक?

गाडी तिथेच उभी करून मिसळ खाल्ली.

२८ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ७

मोठी घडामोड. शेठचा मेसेज: वर्षभरात मन, वचन, कायेने आपलं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, मिच्छामि दुक्कडम्. आता हे दरवर्षी सगळ्यांना येतं हे मला माहीत आहे. मी लहान नाही. पण यंदा शब्दांत वजन होतं. वर्षभरात शेठनी माझं मन दुखवावं असं एकच काम केलंय: भाव. म्हणजे साडेचौदा जास्त होते, हे त्यांनी आतून कबूल केलं! सणाच्या दिवशी माणूस खोटं बोलत नाही.

उत्तर पाठवलं: क्षमा केली, भाव ठरला की कळवा. निळी टिक झाली. उत्तर आलं नाही. लाजले असतील.

आता त्यांच्याकडून फोन आल्याशिवाय जायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

३० ऑगस्ट

वृषालीला मेसेज दाखवला. तिने तिचा मोबाईल दाखवला. तोच मेसेज. मी म्हटलं, तुझी माफी वेगळ्या कारणाने मागितली असेल. ती कपाळाला हात लावून आत गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून जीएसटी कमी. शेठचा फोन नाही. पण अरिहंतने ग्रुपवर आकडा टाकला: बारा हजार नऊशे. इथून खाली दहा. दहाला उचलायचं. ग्रुपवर अंगठा टाकला.

१९ ऑक्टोबर

वृषालीने परत जानकूला बोलावलं होतं. मला न विचारता. मी दारातच सांगितलं, पोल सॉ बुक झालाय. (बुक म्हणजे मनात.) जानकूने वर बघितलं, म्हणाला, भाऊ, आता निम्मं झाड त्याचंच हाय. तुमी उशीर नका करू, लई झालं. एवढं बोलून गेला. अडाणी माणूस, त्यालाही प्रेडिक्शन करायची हौस.

वृषाली म्हणाली, झाडावर एक आणि घरात एक. कोणाबद्दल बोलली कळलं नाही.

११ डिसेंबर

थंडी. बांडगुळाला फुलं आली आहेत, नारिंगी, बारीक नळीसारखी. दिसायला चांगली दिसतात. आईला म्हटलं, बघ, झाड फुललं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी विषय बदलला.

डेटा: अकरा फांद्या. चार वाळल्या. आंब्याची म्हणावी अशी एकच उरली, दक्षिणेची, खालची. तिच्याही शेंड्याला बांडगुळाचा एक गड्डा आहे, छोटा.

३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

जिंकलो! अमेरिकेशी तडजोड झाली. पन्नासचे अठरा. दहा महिने एकट्याने पेशन्स ठेवला. आईला पेढा दिला. तिने विचारलं, मशीन आणलं का. म्हटलं, आता आणायचंच बाकी आहे. तिने पेढा वाटीत ठेवला.

दक्षिणेच्या फांदीला मोहोर आलाय. आई रोज सकाळी तिथे उभी राहून वर बघते. ओठ हलतात. मोजत असावी.

२४ फेब्रुवारी

वृषालीने जानकूला फोन लावला. तो आता हिरड्यावर आहे, मेपर्यंत खाली येणार नाही. फोन ठेवून ती भांडी घासायला बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

घेतला! नऊ हजार दोनशे. मुहूर्तावर! म्हणजे निम्म्यात. शेठनी बिल करताना सांगितलं, दांडा साधा आहे, तीन मीटरचा, तुमच्या झाडाला जोडदांडा लागेल, तो वेगळा, अठराशे. आता इथे ते मला फसवायला बघत होते. म्हटलं, शेठ, टॅरिफ कमी झाल्यावर जोडदांडा फ्री यायला पाहिजे. ते हात जोडून म्हणाले, भाऊ, न्या तसाच.

शेठचं क्षमा प्रकरण काढलं नाही. मोठेपणा दाखवला.

कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्यात. आई म्हणाली, एकोणचाळीस. अक्षय तृतीया यंदा लवकर आहे, महिन्यावर आली, पण तिने आढीला पेंढा झाडून ठेवलाय. म्हणाली, दोन जरी धरलं तरी बास. रविवारी ऑपरेशन.

२२ मार्च, रविवार. दुपारी १

हेल्मेट (मोटरसायकलचं), गॉगल, हातमोजे. वृषाली आणि आई ओट्यावर. मी आधी थोडं भाषण केलं.

पहिलं टार्गेट दक्षिणेच्या फांदीवरचा गड्डा, कारण फांदी वाचवायची ती पहिली. दांडा वर केला. पोचेना. खुर्ची घेतली. पोचेना. हातभर कमी पडत होता. बादली पालथी घालून खुर्ची वर ठेवली, वृषालीने खाली उतरवलं.

पण यंत्र चालू झालं होतं. आवाज येत होता. शेजारचे सावळेराम कुंपणाशी येऊन उभे होते. बोरीतली अर्धी पोरं आली होती. एवढी माणसं जमल्यावर यंत्र बंद कसं करणार? मी शास्त्राने विचार केला. बांडगूळ काढताना फांदी त्याच्या मागून कापायची असते. मागून म्हणजे मागे कुठेही. खोडाजवळ जिथे पोचत होतं तिथे लावलं.

यंत्र उत्तम आहे. लोण्यासारखं गेलं. निम्मं कापलं आणि फांदी स्वतःच्या वजनाने खाली आली, खोडाची साल पार जमिनीपर्यंत सोलत.

आवाज थांबला. सावळेराम घरी गेले. आई ओट्यावरून उतरली, फांदीशी बसली आणि कैऱ्या तोडून ओच्यात भरायला लागली. एकेक. मी म्हटलं, आई, लोणचं होईल. ती म्हणाली, कोय धरली न्हाई अजून.

संध्याकाळी ५

गड्डा मात्र निघाला. हे कोणी लक्षात घेत नाही.

६ एप्रिल

सोललेल्या जागेला शेणमाती लावली. त्यावर फडकं बांधलं. रोज पाणी घालतो, कळशीने. नळीने घालता येतं, पण कळशीने घालतो.

झाड लांबून हिरवं दिसतं. एसटीतून जाणाऱ्याला वाटेल काय छान आंबा आहे. ती सगळी पानं बांडगुळाची आहेत.

१५ एप्रिल

वृषालीने निरोप धाडल्यावर जानकू एक दिवस काम टाकून आला. मी हेल्मेटचं विचारलं नाही. त्याने कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर तीन ठिकाणी ठोकलं आणि कान लावला. म्हणाला, पावसाळ्याच्या आत उतरवा, वाऱ्यानं घरावर यील. आठशे द्यायला गेलो. घेतले नाहीत. म्हणाला, काम कुठं केलं मी.

पोल सॉ शेठना परत नेऊन दाखवला, जुन्यात घेतात का विचारलं. अरिहंत म्हणाला, काका, आता नवाच साडेआठ आहे.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया

फाट्यावरून आंबे आणले, अर्धा डझन. प्रत्येकावर स्टिकर. वृषालीने एक नखाने काढला, दुसरा निघेना, तसाच ठेवला. दादांच्या पानावर स्टिकरवाला आंबा. आईने नमस्कार केला. रस तिने घेतला नाही. मी घेतला, अर्धी वाटी.

दुपारी आळेफाट्याचा लाकूडवाला आला. झाड बघितलं, वखारीसाठी भाव सांगितला. मी म्हटलं थोडं थांबा, भाव चढेल. सवयीने तोंडातून गेलं. तेवढ्यात आई ओट्यावरून म्हणाली,

"इकू नको रं सयाजी. लाकूड ठिव. मला लागंल."

मी म्हटलं आई, घरात दोन सिलिंडर आहेत, तुला लाकूड कशाला?

वृषालीने माझ्याकडे बघितलं. लाकूडवाल्याने पायात चप्पल घातली आणि निघून गेला. मग मला कळलं.

आई झाडाखाली बसली आहे. सावली आहे अजून. त्या पानांची, पण आहे. मोबाईल दोनदा वाजला, टॅरिफची काहीतरी बातमी असेल. कळशी भरून ठेवली आहे. घालू का नको, आईला विचारायचं धाडस होत नाही.