टेपचे दोन सेंटिमीटर

दादा,

तुझं आपलं तेच, की माझं चित्त कधी थाऱ्यावर नसतं. बरं, नसतं. पण त्या दिवशी फोनवर माझी लायकी तूच काढलीस, आणि त्या रागात मी हातातली टेप अशी हिसकली की पुढचा दोन सेंटिमीटरचा तुकडाच तुटला. नवी मागितली तर बोलणी बसतील, म्हणून तुटक्या टोकापासूनच मोजत राहिलो.

माझं काम तुला ठाऊक आहे. दर सहा महिन्यांनी चारशे झाडांच्या बुंध्यांचा घेर मोजून वहीत लिहायचा. संशोधन करणाऱ्या मॅडम त्यावरून झाडं किती वाढली ते ठरवतात. आज त्या मला म्हणाल्या, "अरे, ओढ्याकडच्या झाडांनी कमाल केली. तिथल्या मातीत नक्की काहीतरी आहे. उद्या मोठे साहेब बघायला येतायत." वर चहा पाजला.

मातीत काही नाही, दादा. ओढ्याकडची झाडं मी तुझ्या फोननंतर मोजली, एवढंच. गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही. पण कितव्या झाडापाशी टेप तुटली ते फक्त मला माहीत आहे. ते सांगितलं, तर पुढच्या आकड्यांतून दोन वजा करता येतील.

हे पत्र मी काही टाकणार नाही. सकाळी साहेबांच्या आधी मॅडमना गाठतो. नोकरीचा भरवसा नाही, म्हणून जवळ आहेत तेवढे पैसे तुला आत्ताच पाठवलेत.

तुझा उतावळा धाकटा

सहा हजार तीनशे. मोजून घे.