पलीकडच्या काठाचा विषय

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, आईची कंबरसुद्धा. पंधरा तारखेपर्यंत कॉलेजात मुख्य विषय कळवायचाय: फायनान्स, मार्केटिंग की पुरवठा व्यवस्थापन. बाबा म्हणतात, फायनान्स घे, दहा दारं उघडतात. खोटं नाही ते. पण सुट्टीत औषधांच्या गोदामात शिकायला गेले आणि खुळावलेच गं! थंड खोलीत खोकी रांगेनं उभी, प्रत्येकावर एका गावाचं नाव. वाचता वाचता मी त्या गावी जाऊन येते. गोदामप्रमुख म्हणाले, पोरी, परत आलीस की खोक्यांची वजनं घे. तूच सांग आत्या, अशानं पोट भरतं का? लवकर लिही.

माया पातळ करू नकोस.
तुझी चिमी

८ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

दादाच्या शब्दावर मी हिशेबाचा विषय घेतला. बँकेनं मला कणा दिला, नाही म्हणणार नाही. पण अठ्ठावीस वर्षं काउंटरच्या काचेतून बाहेरच बघत राहिले. तू आधी वरच्या वर्गातल्यांना गाठ, कुणाला कुठे काम मिळालं विचार. दारं कमी असली तर मोजून घे, मग खुशाल स्वप्नं बघ. दादाला फोन केला. म्हणाला, पोरगी हवेत आहे. मी म्हटलं, उतरेल तिची ती. फुगलाय तो. दोन दिवस त्याच्याशी गोड बोल.

आहे तसाच लोभ ठेव.
तुझी आत्या

२० ऑगस्ट, तीन वर्षांनी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. फायनान्सवाल्या मैत्रिणी आठवड्यात नोकरीला लागल्या, मी पुरवठा व्यवस्थापन घेऊन आठ महिने घरी. बाबा एकदाही टोचून बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. शेवटी त्याच गोदामात चिकटले.

परवा पुरानं पूल बंद झाला. पलीकडच्या दवाखान्यात इन्सुलिन संपत आलेलं. आमचा औषधांचा ट्रक परत बोलवा, असं वरच्या साहेबांनी सांगितलं. मी नदीवर जाऊन नावाड्याला गाठलं, इन्सुलिनच्या बर्फाच्या पेट्या होडीत चढवल्या. धुक्यात होडी विरघळली तशी मीही विरघळले. तासाभरानं तिकडच्या नर्सचा फोन आला, पेट्या मिळाल्या म्हणून. कोण बोलतंय, विचारलं, तर मला नावच सांगता येईना, मी अजून त्या होडीतच होते.

संध्याकाळी बाबांनी नकाशा मागितला. चष्मा लावून बोटानं हळूहळू नदी ओलांडली. पलीकडे बोट टेकवलं आणि म्हणाले, पोचलं.

अशीच जवळ राहा.
तुझी चिमी