भुताने उचललेला नारळ

गिरगाव, मुंबई
९ फेब्रुवारी १९५८

ती. गोदावरीआत्यास,
कुमुदचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या नारळाच्या वाडीत काढलेला सिनेमा अखेर पाहिला. शाळेतल्या दोन शिक्षिकांना अभिमानाने घेऊन गेले आणि मान खाली घालून परतले. दिवाळीत मी तुला ‘रिता राहाट’ वाचून दाखवली होती, आठवतं ना? अख्ख्या कादंबरीत भूत एकदाही दिसत नाही. बैल गोठ्यात, गडी घरात, आणि विहिरीवरचा राहाट आपला कुरकुरत फिरतो आहे. एवढंच. आणि तेवढ्यावर तू दुसऱ्या दिवशी काळूराम गड्याकडून आपल्या राहाटाला तेल घालून घेतलंस!

सिनेमावाल्यांनी तिची ‘विहिरीवरची वैरीण’ केली. भूत सुरुवातीलाच हजर. ते गाणं म्हणतं, मागून धूर येतो. आमच्या मागच्या रांगेतली मुलं त्याच्याबरोबर गाऊ लागली. शेवटी तर कहर. पांढऱ्या लुगड्यातली पाठमोरी बाई विहिरीकडे निघते, वाटेत थांबते, पडलेला नारळ उचलते, कानाशी हलवून पाणी आहे का बघते आणि कमरेला लावून चालू लागते. भुताला नारळ कशाला हवा? चटणीला?

१६ मार्चला अलिबागच्या ग्रंथालयात माझं व्याख्यान आहे. विषय, कादंबरीतलं भय आणि पडद्यावरचं भय. आपल्या घरातली पहिली पदवीधर पहिल्यांदाच व्यासपीठावर उभी राहणार! भूत कसं बनवतात ते मी सगळं उघड सांगणार आहे. मनातली भुतं गेली नाहीत तर स्वराज्य मिळून उपयोग काय? धूर कशाचा होता आणि ती नारळवाली बाई कोण, एवढं कळव.

तुझे दीर विश्वंभरकाका अजून विहिरीकडची अर्धी वाडी मागायला येतात का? तुझ्या सासूबाईंनी वाडी तुला दिली, पण तोंडी दिली, कागद केला नाही, यात तुझा काय दोष? कशावरही सही करू नकोस.

माझ्या बडबडीला कंटाळली नसलीस तर लोभ वाढवावा.

तुझी,
कुमुद


किहीम, जि. कुलाबा
२० फेब्रुवारी १९५८

चि. कुमुदला गोदावरीआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तांब्याभर पाणी प्यायले. ती नारळवाली बाई मी आहे.

शेवटच्या दिवशी नटीला ताप भरला आणि ती रेवसच्या लाँचने निघून गेली. दिग्दर्शक डोक्याला हात लावून ओटीवर बसला. त्याला फक्त पाठ हवी होती. काळूरामच्या बायकोने, मैनाने, मला पुढे ढकललं. पेटीतलं सासूबाईंचं पांढरं लुगडं नेसले. नुसतं चालत जा म्हणाले. पण वाटेत नारळ पडलेला, तो तसाच टाकून पुढे कशी जाऊ? दोनदा ओरडा खाल्ला, तिसऱ्यांदाही हात गेलाच. शेवटी तोच म्हणाला, उचला बाई, उचला. आणि हो, चटणीच केली. धूर ओल्या सोडणांचा, नारळाच्या सालींचा. माझे डोळे दोन दिवस चुरचुरत होते, त्याचं कौतुक तुला नाही.

आता खरी बातमी. विश्वंभरभाऊजींनी सिनेमा उरणला तंबूत पाहिला. दर रविवारी उगवणारा माणूस, पुढे कितीतरी रविवार फिरकला नाही. काल आले ते फाटकाशीच उभे. हातात पिशवी, तीत आजवर न विचारता नेलेल्यांपैकी थोडे नारळ. म्हणाले, वहिनी, शेवटची ती बाई म्हणजे आमची आई. लुगडं तिचं, नारळ कानाशी हलवणंही तिचंच. कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं. वाडी आईने तुम्हांला दिली हे मी कानांनी ऐकलंय, पाडव्याला तलाठ्यापुढे तसं लिहून देतो.

मी आत जाऊन आधण ठेवलं. चहा दिला.

तुझं व्याख्यान पाडव्याच्या आधी आहे. तेव्हा धुराचं सांग, गाण्याचं सांग, बाईचं तेवढं राहू दे. तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे, या वेळी तो जिभेवरही असू दे.

गोदावरीआत्या


गिरगाव, मुंबई
२८ फेब्रुवारी १९५८

ती. आत्यास शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या पाठीवर मी टीका केली, त्याबद्दल आधी क्षमा. माझ्या खोलीत राहणाऱ्या राहीजवळ मी बोलून गेले, तर तिला आता भूत म्हणून तुझी सही हवी आहे.

पण आत्या, मी हसू शकत नाही. मुलींना रोज खरं बोलायला शिकवायचं आणि अलिबागला जाऊन निम्मं खरं सांगायचं, हे कसं जमावं? शिवाय जी वाडी न्यायाने तुझी, ती भुताच्या मेहेरबानीने का घ्यायची? काकांना तूच खरं सांग. सांगणार नसलीस तर मी व्याख्यानच रद्द करते. खोटं बोलणार नाही, पण तुझी विहीरही घालवणार नाही.

आणखी एक. मागची ती गाणारी मुलं नारळापाशी एकदम गप्प झाली होती. ते का, याचा विचार मी आज पहिल्यांदा केला.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

कुमुद


किहीम
१० मार्च १९५८

चि. कुमुदला अनेक आशीर्वाद.

तुझ्या हट्टापायी भाऊजींना बोलावलं आणि सगळं सांगितलं. लुगडं दाखवलं, मैनाची साक्ष काढली. ते माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागले. म्हणाले, वहिनी, मी भिऊ नये म्हणून तुम्ही हे बोलताय, आईने माणूस बरोबर निवडलं.

मग मलाही ईर्षा आली. ताडकन उठले, विहिरीपाशी पडलेला नारळ उचलला, कानाशी हलवला, कमरेला लावला आणि वळून म्हटलं, आता पटलं? तर ते मातीत आडवे! लोटांगण! काळूरामने उठवलं तेव्हा म्हणाले, बघितलंस, आत्ताही आईच आली होती. पाडव्याचीही वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी तलाठ्याकडे जाऊन लिहून दिलं, वर पेढे वाटले. तेव्हा तू निश्चिंत मनाने खरं सांग. भाऊजी पहिल्या रांगेत बसणार आहेत, तुझ्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.

एक तुला म्हणून सांगते. सासूबाई जन्मभर म्हणायच्या, गोदे, तुला नारळ उचलता येत नाही, पाणी ऐकायच्या आधीच पळतेस. त्या गेल्यावर मी कधी ऐकायला लागले, मला कळलंच नाही. त्यांच्या लेकाने ते ओळखलं, असं तुझ्या भाषणात बसत असेल तर बसव.

तू म्हणालीस ते खरं, न दिसणारं भूत मोठं. परवापासून विहिरीकडे नारळ उचलला की मागे वळून बघावंसं वाटतं.

व्याख्यान झालं की इकडे ये. लोभ तर आहेच, चटणीही आहे. आणि काळूरामकडून राहाटाला पुन्हा तेल घालून घेतलंय.

गोदावरीआत्या